कातेच्या वेळी हात आवरावा : रेशीमकीटकांची पहिली बॅच घेणाऱ्यांसाठी

आमच्या सांगली जिल्ह्यात 'कात' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याला आधी शिराळ्याची नागपंचमी आठवते, त्यामुळे मी चार वर्षांपूर्वी तासगाव तालुक्यातील माझ्या द्राक्षबागेपैकी एक एकर काढून तिथे तुती लावली आणि 'आज अळ्या कातेवर बसल्या आहेत, शेडमध्ये कोणी येऊ नका' असे घरात सांगितले, तेव्हा पाहुण्यांपैकी एक मावशी दारातूनच परत फिरल्या. साप वर्षातून अनेकदा कात टाकतो आणि ती आपल्याला कधीतरी कुंपणात सापडते. रेशीमकीटक मात्र आपल्या देखत, चाळीस हजारांच्या संख्येने, एकाच दिवशी कात टाकतो आणि त्या दिवशी आपण काय केले यावर पुढचे सगळे कोष अवलंबून असतात. माझ्या पहिल्या दोन बॅचचे जे नुकसान झाले ते रोगामुळे किंवा पाल्यामुळे झाले नाही, तर कातेच्या वेळी मी घाई केल्यामुळे झाले. तुतीची लागवड, शेडची बांधणी यांविषयी माहिती सहज मिळते, परंतु कातेच्या चोवीस तासांत शेडमध्ये उभे राहून नेमके काय करायचे हे नव्या माणसाला कोणी सविस्तर सांगत नाही, म्हणून हा लेख केवळ तेवढ्यापुरता लिहीत आहे.

१. आधी कात म्हणजे काय ते समजून घ्यावे

अळीची कातडी आपल्या कातडीसारखी वाढत नाही. ती कायटिन (कीटकांच्या आवरणातला चिवट पदार्थ) आणि प्रथिने यांची बनलेली असते, थोडीफार ताणली जाते आणि नंतर ताणण्याची मर्यादा संपते. डोक्याचे कवच तर मुळीच ताणले जात नाही. अंड्यातून निघाल्यापासून कोष करण्यापूर्वीपर्यंत अळीचे वजन साधारण दहा हजार पटीने वाढते, म्हणजे जुने आवरण टाकून मोठे आवरण घेण्याशिवाय तिच्यापुढे मार्ग नसतो. म्हणून अळीच्या आयुष्यात पाच अवस्था असतात आणि त्यांच्यामध्ये चार काती.

बाहेरून पाहणाऱ्याला कातेवर बसलेली अळी झोपलेली वाटते, पण आतमध्ये त्याच वेळी सर्वांत जास्त काम चाललेले असते. जुनी कातडी खालच्या थरापासून सुटी होते, दोहोंच्या मधल्या जागेत एक पाचक द्रव उतरतो, तो जुन्या कातडीचा आतला भाग विरघळवतो, विरघळलेला भाग शरीर परत शोषून घेते आणि त्याखाली नवी, सुरकुतलेली कातडी तयार होते. हे सर्व घडवून आणणारे संप्रेरक, म्हणजे एक्डायसोन, शुद्ध स्वरूपात पहिल्यांदा हाती लागले ते रेशीमकीटकांपासूनच : जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन या शास्त्रज्ञांनी १९५४ साली सुमारे ५०० किलो रेशीम कोशितांपासून (कोशित म्हणजे कोषाच्या आत अळीचे जे रूप होते ते) ते केवळ २५ मिलिग्रॅम मिळवले. इतक्या सूक्ष्म मात्रेवर चालणाऱ्या व्यवस्थेत आपण पाला टाकून, हलवून किंवा पंखा लावून लुडबूड केली तर काय होईल, याची कल्पना यावरून करावी.

आणखी एक गोष्ट भिंगातून स्वतः पाहून घ्यावी. कातेवर बसण्यापूर्वी अळी तोंडातून रेशमाचे थोडे धागे सोडते आणि आपले मागचे पाय त्या धाग्यांनी पानाला किंवा फांदीला जखडून ठेवते. हा तिचा नांगर असतो. पुढे कातडी डोक्यामागे फाटते, नवे डोके बाहेर येते, जुन्या डोक्याची टोपी वेगळी होऊन गळते आणि अळी पुढे सरकत बाहेर पडते तेव्हा जुनी कातडी त्या नांगरामुळे जागच्या जागी राहते. अंगाच्या दोन्ही बाजूंच्या श्वासछिद्रांतून पांढरे बारीक दोरे ओढले जाताना दिसतात, ते श्वासनलिकांचे जुने अस्तर असते. आता हीच अळी आपण बसल्या जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवली तर नांगर तुटतो आणि कातडी तिच्यासोबतच ओढली जाते.

२. तयारी : साधने आणि कागद

साधनांमध्ये ओला-कोरडा तापमापक, भिंग, बॅटरी, विरलेल्या चुन्याची चाळलेली भुकटी, कातेनंतर वापरायची निर्जंतुक भुकटी (आमच्याकडे बहुतेकजण 'विजेता' वापरतात), बेड साफ करण्याच्या जाळ्या, झाकण असलेली एक बादली आणि एक वही एवढे पुरते. वही हे साधन नव्हे असे वाटत असेल तर पहिली बॅच संपल्यावर तसे वाटणार नाही.

कागदांच्या बाबतीत, जिल्हा रेशीम कार्यालयात तुतीची नोंदणी करण्यासाठी सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक आणि छायाचित्रे लागतात, तसेच मनरेगातून लाभ घ्यायचा असल्यास जॉबकार्ड आणि ग्रामपंचायतीकडील कागदही लागतात. हे सर्वांना ठाऊक असते. मागायचा राहून जाणारा कागद वेगळाच आहे : चॉकी केंद्राकडून (जिथे पहिल्या दोन अवस्थांपर्यंत अळ्या वाढवून देतात) अळ्या घेताना, कोणत्या तारखेला आणि किती वाजता अळ्या दुसऱ्या कातेवर बसल्या, हे पावतीवर लिहून घ्यावे. जात, अंडीपुंजांची (एका मादीने घातलेल्या अंड्यांचा एक पुंज) संख्या आणि लॉट क्रमांक केंद्रवाले लिहितातच, पण कातेची वेळ बहुधा तोंडी सांगितली जाते.

३. चॉकी घरी आल्यावरची पहिली कसोटी

पहिल्या दोन अवस्थांचे संगोपन फार नाजूक असल्याने आपल्याकडे बहुतेक शेतकरी ते स्वतः करत नाहीत, चॉकी केंद्रातून अळ्या विकत घेतात. या अळ्या शक्यतो दुसऱ्या कातेवर असतानाच पहाटे किंवा संध्याकाळी आणल्या जातात, कारण त्या वेळी त्या खात नसतात. शंभर अंडीपुंजांच्या चाळीस ते पन्नास हजार अळ्या दोन-चार ट्रेमध्ये मावतात आणि नव्या माणसाला त्या मेल्यासारख्या वाटतात.

माझ्या पहिल्या बॅचला मी इथेच चुकलो. अळ्या हलत नव्हत्या, प्रवासात उपाशी राहिल्या असतील अशा समजुतीने मी कोवळा पाला बारीक कापून वरून पसरला. ज्या थोड्या अळ्या कातेतून उठल्या होत्या त्यांनी तो खाल्ला, बाकीच्या त्याखाली दबल्या, पाल्याच्या ओलाव्याने बेड दमट झाला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एक बॅच नव्हती तर दोन वेगवेगळ्या वयांच्या दोन बॅच एकाच बेडवर होत्या. पुढे कोष करायची वेळ आली तेव्हा निम्म्या अळ्या चंद्रिकेवर (कोष विणण्यासाठी ठेवलेल्या जाळीवर) चढत होत्या आणि निम्म्या पाला मागत होत्या. चॉकी देणाऱ्याने मला सांगितलेली वेळही अर्ध्या दिवसाने चुकीची होती, पण पावतीवर काहीच लिहिलेले नसल्याने मला बोलता आले नाही.

त्यामुळे अळ्या घरी आल्या की प्रथम रॅकवर पसरट ठेवाव्यात, पाला देऊ नये, आणि पुढील सहाव्या टप्प्यात दिलेल्या खुणा दिसेपर्यंत वाट पाहावी.

४. अळ्या कातेवर बसणार हे कसे ओळखावे

तिसऱ्या अवस्थेत अळ्या साधारण तीन ते चार दिवस खातात आणि मग सुमारे एक दिवस कातेवर राहतात. चौथ्या अवस्थेत चार ते पाच दिवस खाणे आणि तीस ते छत्तीस तास कात असा हिशेब असतो. थंडीत हे सर्व लांबते, म्हणून केवळ दिवस मोजून चालत नाही, अळीकडेच पाहावे लागते.

पहिली खूण म्हणजे खाणे मंदावते. शेडमध्ये शांतपणे उभे राहिल्यास पाला कुरतडण्याचा जो पावसासारखा आवाज येत असतो तो विरळ होत जातो. नंतर अळीचे अंग ताणले जाऊन चकचकीत आणि किंचित पिवळसर दिसू लागते, डोके शरीराच्या मानाने फार लहान भासते आणि डोक्याच्या मागे एक गडद त्रिकोणी भाग दिसतो, कारण नवे मोठे डोके जुन्याच्या मागे तयार होत असते. शेवटी अळी पुढचा भाग उचलून, मान वर करून स्थिर होते.

या काळात पाल्याचे प्रमाण कमी करत जावे आणि पाला थोडा कोवळा द्यावा. जाड थर दिल्यास उरलेला पाला बेडमध्ये राहतो आणि कातेच्या काळात नेमकी तिथेच बुरशी वाढते.

५. नव्वद टक्के अळ्या बसल्यानंतर

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि त्यात करण्यासारखे काम सर्वांत कमी आहे.

बेडच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी प्रत्येकी वीसेक अळ्या मोजून पाहाव्यात. शंभरपैकी नव्वद-पंचाण्णव अळ्या बसल्या असतील तर पाला थांबवावा आणि चुन्याची भुकटी फडक्यातून झटकत बेडवर पातळ पसरावी. चुन्याने उरलेला पाला सुकतो, बेड कोरडा राहतो आणि आधी उठलेल्या एखाद-दुसऱ्या अळीला खायला काही उरत नाही, त्यामुळे ती पुढे निघून जात नाही. भुकटी इतकीच असावी की खालची पाने दिसत राहतील. माझ्या एका शेजाऱ्यांनी भिंतीला चुना द्यावा तशी ती दिली होती.

ज्या पाच-दहा टक्के अळ्या अजून खात आहेत त्यांच्यासाठी चुन्यापूर्वीच बेडवर जाळी अंथरून वर थोडा पाला द्यावा. खाणाऱ्या अळ्या जाळीतून वर येतात, बसलेल्या खाली राहतात, आणि जाळी उचलून त्या मागे पडलेल्या अळ्या वेगळ्या ट्रेमध्ये नेता येतात. यांपैकी काही केवळ उशिरा वाढलेल्या असतात, पण काही आजारी असतात. ग्रासेरी या विषाणूजन्य रोगाची अळी कातेवर बसतच नाही, तिच्या अंगाच्या वळ्यांमधील भाग सुजतो, ती रॅकच्या कडेने फिरत राहते आणि कातडी फुटल्यास दुधासारखा पांढरा द्रव बाहेर येतो. अशी अळी दिसताच चिमट्याने उचलून चुना आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याच्या बादलीत टाकावी, हात धुवावेत आणि ती जमिनीवर किंवा कोंबड्यांना टाकण्याचा मोह टाळावा.

तापमान तिसऱ्या कातेच्या वेळी २६ आणि चौथ्या कातेच्या वेळी २५ अंशांच्या आसपास असावे. आर्द्रता मात्र खाण्याच्या दिवसांपेक्षा कमी, म्हणजे ६० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी आणि खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी. इथे आपल्या भागाचा फरक लक्षात घ्यावा लागतो. वाळवा, कराड अशा नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की चुना आणि खेळती हवा यांकडे दुर्लक्ष केल्यास मस्कार्डिन बुरशी येते आणि अळ्या खडूसारख्या कडक, पांढऱ्या होऊन मरतात. उलट जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या तालुक्यांत मार्च-एप्रिलमध्ये अडचण अगदी विरुद्ध असते : हवा फारच कोरडी झाली तर जुनी कातडी अंगावरच वाळते. अशी अळी पुढच्या भागातून बाहेर येते, पण शेपटाशी काळपट कडे आवळल्यासारखी कातडी अडकून राहते, विष्ठा बाहेर पडत नाही आणि ती दोन दिवसांत मरते. म्हणून उन्हाळ्यात खिडक्यांना ओले गोणपाट लावावे, पण कातेच्या वेळी अळ्यांवर थेट पंखा कधीही सोडू नये.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री शेड गरम ठेवण्यासाठी कोळशाची शेगडी आत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. धूर अळ्यांना मारतो आणि बंद शेडमधील वायू माणसालाही मारू शकतो. विजेचा हीटर वापरावा.

६. पुन्हा पाला केव्हा द्यावा

कातेतून उठलेली अळी ओळखणे सोपे आहे. तिचे डोके एकदम मोठे आणि सुरुवातीला फिकट दिसते, नंतर तपकिरी होते. कातडी मळकट करडी आणि सैल, मापापेक्षा मोठा सदरा घातल्यासारखी असते. ती डोके इकडेतिकडे फिरवत अन्न शोधते आणि ते पाहून आपला जीव कळवळतो. नेमके त्याच क्षणी थांबावे.

थांबण्याची दोन कारणे आहेत. नुकत्याच उठलेल्या अळीचे जबडे अजून मऊ असतात, ते टणक होण्यास तास-दोन तास लागतात. आणि दुसरे म्हणजे बाकीच्या अळ्या अद्याप उठायच्या असतात. पंचाण्णव टक्के अळ्या उठेपर्यंत पाला दिला नाही तर आधी उठलेल्या अळीचे काही तासांत फारसे बिघडत नाही, परंतु साठ टक्क्यांवर पाला दिला तर मागच्या चाळीस टक्के अळ्या कायमच्या मागे राहतात. त्याच वेळी, पंचाण्णव टक्क्यांनंतरही उगाच ताटकळत ठेवू नये, कारण मग अळ्या बेडच्या बाहेर भटकू लागतात आणि अशक्त होतात. म्हणून कातेच्या उत्तरार्धात दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बॅटरी घेऊन मोजणी करावी. चौथ्या कातेची रात्र मी शेडच्या ओट्यावर खाट टाकून काढतो.

क्रम असा ठेवावा : प्रथम कातेनंतरची निर्जंतुक भुकटी पाकिटावर दिलेल्या प्रमाणात बेडवर पसरावी, अर्धा तास थांबावे, आणि मग कोवळा, ताजा पाला हलक्या हाताने द्यावा. कात चालू असताना चुना आणि कात संपल्यावर निर्जंतुक भुकटी हा क्रम उलटा करू नये. जुना बेड काढायचा असेल तर पहिला पाला जाळीवर द्यावा, म्हणजे अळ्या वर येतात आणि जुन्या काती, विष्ठा व चुना खाली राहतात. हा कचरा शेडजवळ न टाकता दूर खड्ड्यात पुरावा.

७. शेजारची फवारणी

हा टप्पा सरकारी पत्रकांत एका ओळीत संपतो, परंतु आमच्या द्राक्षाच्या भागात तो सर्वांत जास्त रडवतो. ऑक्टोबर छाटणीनंतर तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ परिसरात फवारणीचे ब्लोअर सतत चालू असतात आणि वाऱ्याबरोबर आलेला फवारा तुतीवर बसला तर तो डोळ्यांना दिसत नाही. काही कीटकनाशकांनी अळ्या लगेच तडफडून मरतात, ते निदान कळते. उसावर खोडकिडीसाठी वापरले जाणारे क्लोरअँट्रानिलिप्रोल अळ्यांना अत्यल्प मात्रेतही घातक असते. मात्र बुप्रोफेझिन, लुफेन्युरॉन, नोव्हाल्युरॉन या गटातील औषधे अळीच्या अंगात कायटिन बनूच देत नाहीत. त्यांपैकी बुप्रोफेझिन प्रामुख्याने पिठ्या ढेकणासारख्या रसशोषक किडींवर चालते, तर बाकीची दोन अळ्यांवरच चालण्यासाठी बनवलेली आहेत. अशा औषधाचा अंश पोटात गेलेली अळी चार दिवस व्यवस्थित खाते आणि कातेच्या दिवशी मरते : जुनी कातडी फाटते, पण खालची नवी तयार झालेली नसते. शेतकरी मग शेडमधील तापमानाला किंवा चॉकीला दोष देत बसतो.

माझ्या तिसऱ्या बॅचला तुतीच्या पश्चिम बांधाकडील पाला दिलेल्या रॅकवरच अर्ध्याहून अधिक अळ्या चौथ्या कातेत गेल्या आणि बाकीचे रॅक ठणठणीत राहिले, तेव्हा कारण कळले. बांधापलीकडच्या दादांची चूक म्हणता येणार नाही, त्यांनी त्यांच्या पिकावर औषध मारले होते. तेव्हापासून बॅच घेण्यापूर्वी मी आजूबाजूच्या सर्व बागायतदारांना तारखा सांगून ठेवतो, बांधाकडच्या दोन ओळींचा पाला वापरत नाही, आणि संशय असल्यास तो पाला वेगळ्या ट्रेमधील पन्नासेक अळ्यांना एक दिवस आधी देऊन पाहतो. ही चाचणी लगेच मारणारी औषधे पकडते. कातेच्या वेळी मारणारी पकडत नाही, त्यासाठी शेजाऱ्याशी बोलण्याला पर्याय नाही.

८. वहीत काय लिहावे

प्रत्येक कातेसाठी पाच नोंदी पुरतात : पाला थांबवल्याची वेळ, चुना दिल्याची वेळ, पहिली उठलेली अळी दिसल्याची वेळ, पाला सुरू केल्याची वेळ आणि वेगळ्या काढलेल्या अळ्यांचा अंदाज. शेवटचा आकडा तिसऱ्या कातेपेक्षा चौथ्या कातेत वाढला तर काहीतरी बिघडत आहे असे समजून रेशीम कार्यालयातील तांत्रिक सहायकांना फोन करावा, पाचवी अवस्था सुरू होण्याची वाट पाहू नये. एकूण पाल्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला पाचव्या अवस्थेच्या सात-आठ दिवसांतच लागतो, त्यामुळे आजारी बॅचला तो खाऊ घातल्यावर तोटा मोजण्यात अर्थ नसतो.

९. शेवटची कात दिसत नाही

चौथ्या कातेनंतर शेतकरी कातेचा विषय विसरतो, कारण पाचव्या अवस्थेच्या शेवटी अळ्या चंद्रिकेवर चढून दोन-तीन दिवसांत कोष विणतात आणि नजरेआड होतात. परंतु कोषाच्या आत अळी आणखी एकदा कात टाकते आणि कोशित बनते. हे घडून कोशिताचे आवरण टणक व्हायला वेळ लागतो, म्हणून अळ्या चंद्रिकेवर चढवल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कोष काढले, तर आतील मऊ कोशित हाताळताना फुटते आणि डाग पडलेले कोष बाजारात वेगळे काढले जातात. आम्ही कोष कर्नाटकातील रामनगरच्या किंवा बारामतीच्या बाजारात नेतो, आणि तिथपर्यंतच्या गाडीतील धक्के तर त्याहून वाईट असतात.

सहाव्या-सातव्या दिवशी काढणी करावी, थंडीत आणखी एक दिवस थांबावे, आणि त्यापूर्वी चंद्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतील चार-पाच कोष ब्लेडने अलगद कापून पाहावेत. कोशित तपकिरी आणि बोटाने दाबल्यास टणक लागले, आणि त्याच्या शेपटाकडे चुरगळलेल्या कागदासारखी अळीची सुकलेली कात पडलेली दिसली, तर काढणी सुरू करावी. कोशित अजून पिवळसर आणि मऊ असेल तर कापलेले कोष बाजूला ठेवून शेडचे दार लावून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे.